प्रस्तावना : उपचार संपल्यावर राहायचे कुठे?

व्यसनमुक्तीच्या चर्चेत समाजाचे, कुटुंबाचे आणि शासनाचेही लक्ष दोन दिवसांवर खिळलेले असते. व्यसनी माणूस अखेर तयार होऊन केंद्रात दाखल होतो तो एक दिवस, आणि ठरलेली मुदत पुरी करून बाहेर पडतो तो दुसरा. त्या दुसऱ्या दिवसाच्या रात्री तो कुठे झोपतो, त्या खोलीत आणखी कोण असते, खोलीचे भाडे कोण भरते आणि ते किती महिने भरले जाईल, हे प्रश्न मात्र उपचारांच्या कक्षेबाहेरचे, घरगुती किंवा फार तर समाजसेवकांच्या सवडीचे मानले गेले आहेत. हे मानणे चुकीचे आहे आणि त्याची किंमत रुग्ण व त्यांची माणसे वर्षानुवर्षे मोजत आली आहेत, अशी प्रस्तुत ग्रंथाची भूमिका असून, निवासी उपचारांनंतरच्या स्थिर निवाऱ्याचा विषय मराठीत सलगपणे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी काही संज्ञा आधी स्पष्ट करायला हव्यात. निवासी उपचार म्हणजे केंद्रातच राहून घेतलेले उपचार. त्यांची सुरुवात शरीरात भिनलेले मादक द्रव्य उतरवण्याने, म्हणजे ‘डिटॉक्स’ने होते आणि पुढचे काही आठवडे समुपदेशन, गटातले ‘शेअरिंग’, व्यायाम आणि ठरावीक दिनक्रम यांत जातात. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये हा काळ पस्तीस दिवसांचा आहे. इतरत्र तो एक ते तीन महिन्यांचा असतो. त्यानंतर सुरू होते ते सावरणे, म्हणजे व्यसनाशिवाय दिवस काढता काढता झोप, काम, नाती आणि पैसा यांची घडी पुन्हा बसवणे, आणि याला वर्षे लागतात. या वाटेवर एखाददा पाय घसरला तर केंद्रांच्या बोलीत त्याला ‘स्लिप’ म्हणतात, जुने सेवन पूर्ववत सुरू झाले तर ‘रिलॅप्स’. हे दोन शब्द वेगळे ठेवण्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे, कारण स्लिप झालेल्या माणसाला त्याच आठवड्यात कोणी गाठले तर रिलॅप्स टळू शकतो, आणि गाठायचे तर त्याचा ठावठिकाणा कोणाला तरी ठाऊक असावा लागतो.

१९७१ मध्ये हंट, बार्नेट आणि ब्रँच या अमेरिकी अभ्यासकांनी दारू, हेरॉइन आणि तंबाखू या तीन व्यसनांवरील उपचारांच्या पाठपुराव्याची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा तिन्हींचे आलेख जवळजवळ एकाच वळणाने खाली आले होते: उपचारानंतर पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे दोन तृतीयांश माणसे पुन्हा सेवनाकडे वळली होती. याच दशकात ली रॉबिन्स यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा माग काढला आणि तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी, मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात, सुमारे पाच टक्केच पुन्हा त्या व्यसनात अडकल्याचे त्यांना आढळले. या निष्कर्षाचे अनेक अर्थ लावले गेले आणि त्यावर वादही झाले. तरीही जागा बदलली, भोवतालची माणसे बदलली आणि माल सहज मिळेनासा झाला की व्यसनाची पकड ढिली होऊ शकते, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी. केंद्रातून बाहेर पडणारा रुग्ण याच्या नेमक्या उलट प्रवास करतो. तो परक्या जागेतून त्या जागी परततो जिथे त्याचे व्यसन वाढले.

हा प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाच्या हातात कपड्यांची पिशवी, गोळ्यांची चिठ्ठी आणि फॉलोअपच्या तारखेचे कार्ड असते. एसटी स्टँडवर उतरून घराकडे निघाले की वाटेत देशी दारूचे दुकान, त्यासमोरची उकडलेल्या अंड्यांची गाडी आणि तिथे उभी असलेली ओळखीची माणसे लागतात. ती माणसे वाईट नसतात, ती फक्त हाक मारतात. घरी पोचल्यावर बायकोच्या नजरेत आनंद असतो आणि तपासणीही असते, बोलताना तोंडाच्या वासाचा अंदाज घेतला जातो, कपाटाला कुलूप असते, आणि वयात आलेला मुलगा उठून बाहेर जातो. यांपैकी कोणाचेच वागणे अनाकलनीय नाही. संध्याकाळी सातची वेळ, जी केंद्रात गटाने, प्रार्थनेने किंवा खेळाने भरलेली असायची, ती इथे रिकामी पडलेली असते, आणि तलफ अशा रिकाम्या वेळेची वाट पाहत असते. गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत या परतीला आणखी एक भयंकर बाजू आहे, ती अशी की डिटॉक्समुळे शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि रुग्णाने जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतली तर ती जीवघेणी ठरू शकते.

आपल्याकडे या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचे मुख्य कारण एक गृहीतक आहे, आणि ते म्हणजे प्रत्येकाला घर असतेच. पाश्चात्त्य देशांत एकटी माणसे असतात म्हणून तिथे असल्या सोयी लागतात, आपल्याकडे कुटुंब आहे, असे जबाबदार माणसेही सहज बोलून जातात. प्रत्यक्षात केंद्रातून बाहेर पडणाऱ्यांत ज्यांना घरच उरलेले नाही असे लोक असतात. ज्यांना घर आहे पण घरच्यांनी दार बंद केले आहे असेही असतात. आणि ज्यांच्यासाठी दार उघडे आहे पण त्या दाराआड भाऊ, वडील किंवा शेजारी रोज पितात, असे तर फारच असतात. चौथा एक गट या मोजणीत सहसा येत नाही, तो म्हणजे ज्या घरातील स्त्रीला पती परत यायला हवा आहे, पण लगेच नको आहे. कित्येक वर्षांची मारहाण, कर्ज आणि अपमान पस्तीस दिवसांत विसरले जावेत, अशी अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार न्यायदंडाधिकारी हिंसा करणाऱ्या पुरुषाला राहत्या घरातून बाहेर पडण्याचा आदेश देऊ शकतात. पण बाहेर पडून त्याने जावे कुठे, याचे उत्तर व्यवस्थेजवळ नसल्याने अनेकदा बाहेर पडावे लागते ते तिलाच. पुरुषासाठी काही महिन्यांची सुरक्षित, व्यसनमुक्त खोली उपलब्ध होणे हा त्या स्त्रीच्याही विश्रांतीचा आणि विचार करून निर्णय घेण्याच्या सवडीचा प्रश्न आहे, हे या विषयावर लिहिणाऱ्यांनी पुरेशा ठामपणे मांडलेले नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना त्यातून उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांत एकालाच काहीएक उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर दर १८० जणांत एकच आहे. या आकड्यांचा उपयोग बहुधा केंद्रे वाढवण्याच्या मागणीसाठी केला जातो आणि ती मागणी रास्तच आहे. परंतु इतक्या दुर्मीळ खाटेवर, कुटुंबाने दागिने गहाण ठेवून किंवा संस्थेने देणग्या जमवून ज्याच्यावर उपचार केले, त्याला महिन्याभराने जुन्याच गल्लीत नेऊन सोडायचे आणि वर्षभरात तो पुन्हा दाखल झाला की त्याच्या इच्छाशक्तीला बोल लावायचा, यात किती श्रम वाया जातात, हा हिशेबही याच आकड्यांतून निघतो.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ लिखित इतिहास अमेरिकेचा असल्याने ग्रंथाचा मोठा भाग त्या देशाकडे वळतो. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे काही मद्यपींनी एकमेकांच्या साक्षीने दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यातून ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ उभी राहिली. शपथ घेतलेल्यांना थारा हवा, ही जाणीव तिथे लवकर झाली आणि १८५७ मध्ये बॉस्टन शहरात अशा माणसांसाठी निवास सुरू झाला. पुढे १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ‘एए’ म्हणून परिचित असलेली स्वमदत चळवळ, जन्माला आली; तिने माणसाला रोजची मीटिंग दिली, पण राहायला जागा देणे हे तिचे काम नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याला ‘हाफवे हाउस’ ही कल्पना रुजली. रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यावरचे, पगारी कर्मचाऱ्यांनी चालवलेले, ठरावीक मुदतीचे निवासस्थान असा तिचा अर्थ आहे. मिनेसोटातील हेझल्डन या उपचारसंस्थेने १९५३ मध्ये सेंट पॉल येथे असे निवासस्थान सुरू केले आणि पुढे शासकीय अनुदानाच्या आधाराने हा नमुना देशभर पसरला.

याला समांतर अशी दुसरी परंपरा ‘उपचारात्मक समुदाया’ची आहे, ज्यात एकत्र राहणे हेच औषध मानले जाते आणि रहिवासी एकमेकांचे दोष उघडपणे दाखवून एकमेकांना घडवतात. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक यांनी स्थापन केलेल्या सिनॅनॉनपासून तिचा उगम मानतात. १९६३ चे डेटॉप आणि १९६७ चे फीनिक्स हाउस या संस्था त्याच कुळातल्या. सिनॅनॉनचा शेवट मात्र विसरता येण्यासारखा नाही. माणसांना व्यसनातून सोडवण्यासाठी निघालेली ही संस्था एका माणसाच्या सत्तेखाली हळूहळू बंदिस्त पंथ बनली, रहिवाशांना बाहेर पडणे अवघड झाले, आणि १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत तिच्या सदस्यांनी विषारी साप सोडण्यापर्यंत मजल गेली. व्यसनातून नुकताच बाहेर पडलेला, घर नसलेला माणूस हा कोणाच्याही सत्तेखाली सहज जाऊ शकणारा माणूस असतो, आणि त्याच्या निवाऱ्याची कोणतीही योजना तपासताना इथे सत्ता कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.

ऑक्सफर्ड हाउस या नमुन्याला प्रस्तुत ग्रंथात जास्त जागा दिली आहे ती याच प्रश्नासाठी. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे शासकीय मदतीवर चालणारे एक हाफवे हाउस बंद होणार होते. तिथल्या रहिवाशांनी, ज्यांत पॉल मॉलॉय हे पुढे या चळवळीचे नाव झालेले गृहस्थ होते, तीच इमारत स्वतः भाड्याने घेऊन चालवण्याचे ठरवले. सहा महिन्यांची मुदत संपली म्हणून बाहेर काढलेली माणसे पुन्हा पिऊ लागलेली त्यांनी पाहिली होती, म्हणून आपल्या घरात मुदत नसेल, हे त्यांनी आधी ठरवले. नियम तीनच ठेवले गेले: घराचा कारभार रहिवाशांनी लोकशाही पद्धतीने चालवायचा, खर्च सर्वांनी वाटून उचलायचा, आणि जो पुन्हा सेवन करील त्याने तात्काळ घर सोडायचे. घरात पगारी व्यवस्थापक नाही, समुपदेशक नाही. आठवड्याच्या बैठकीत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, हिशेबतपासनीस आणि घरकामांचे वाटप पाहणारा असे पदाधिकारी बसतात. खजिनदार बँकेतली शिल्लक वाचून दाखवतो, हिशेबतपासनीस कोणाचे भाडे थकले आहे ते सांगतो, भांडी न घासणाऱ्याचा विषय निघतो, आणि नव्या अर्जदाराची मुलाखत झाली असेल तर मतदान होते, ज्यात किमान ऐंशी टक्के मते मिळाल्याशिवाय प्रवेश नाही. कोणत्याही पदावर सहा महिन्यांहून अधिक काळ एकच माणूस राहत नाही. ज्या माणसाच्या हाती काल घरचे लोक दुधाचे पैसेही देत नव्हते, त्याच्या हाती इथे दहा माणसांच्या भाड्याचे चेकबुक येते. उपचारशास्त्राच्या भाषेत या बदलाला मोठी नावे आहेत. वाचकाने चेकबुक लक्षात ठेवले तरी पुरे.

या घरांची कसोटी शास्त्रीय पद्धतीनेही झाली. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील लेनर्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवासी उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, विभागणी केली. निम्म्यांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये पाठवले आणि उरलेल्यांना नेहमीचा पाठपुरावा दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन वर्षांअखेर पहिल्या गटातील ३१.३ टक्के लोक सेवन करत होते, तर दुसऱ्या गटातील ६४.८ टक्के. पहिल्या गटाचे सरासरी मासिक उत्पन्नही दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक होते. १५० ही संख्या लहान आहे आणि देश दुसरा आहे, याचे भान ठेवावेच लागते. पण फारसे अनुदान न घेणाऱ्या, भाड्याच्या घराने एवढा फरक पडावा, ही गोष्ट कोणत्याही आरोग्यप्रशासकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे. या घरांना लागणारी शासकीय मदतही किरकोळ होती. १९८८ च्या अमेरिकी कायद्याने राज्यांत एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवला, ज्यातून नव्या घराला अनामत रक्कम आणि पहिल्या भाड्यासाठी चार हजार डॉलरपर्यंत कर्ज मिळे आणि रहिवासी ते दोन वर्षांत फेडत. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत.

याच्या अगदी विरुद्ध दिशेने निघालेला विचार ‘आधी घर’ या नावाने ओळखला जातो. १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे सॅम सेम्बेरिस यांनी असा आग्रह धरला की रस्त्यावर राहणाऱ्या, मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्या माणसाला घर देण्यापूर्वी दारू सोडण्याची अट घालणेच गैर आहे. घर हा हक्क आहे, ते आधी द्यावे आणि उपचार त्याच्या संमतीने, त्याच्या गतीने व्हावेत. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक बेघर लोकांवर या पद्धतीची चाचणी घेतली, आणि घर टिकण्याच्या बाबतीत ती नेहमीच्या सेवांपेक्षा निर्विवादपणे सरस ठरली; व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. या निष्कर्षावरून दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. एका बाजूला वाटते की सेवनाची मुभा असलेल्या इमारतीत नुकता सावरलेला माणूस टिकणार नाही, आणि ते खरे आहे. दुसऱ्या बाजूला वाटते की स्लिप झालेल्या माणसाला रात्री अकरा वाजता घराबाहेर काढणारा नियम त्याला मृत्यूकडे ढकलू शकतो, आणि तेही खरे आहे. प्रस्तुत ग्रंथाचे मत असे आहे की हे दोन नमुने दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. ज्याने व्यसन सोडण्याचे ठरवून उपचार पूर्ण केले आहेत त्याला व्यसनमुक्त घर मिळाले पाहिजे, आणि ज्याला ते अजून जमलेले नाही त्यालाही छप्पर मिळाले पाहिजे. व्यसनमुक्त घर चालवणाऱ्यांनी तर, एखाद्याला बाहेर काढण्याची वेळ आली तर त्याला कोणत्या दारी पोचवायचे, हे तो आत येतो त्याच दिवशी लिहून ठेवावे.

नियमनाअभावी या क्षेत्रात काय घडू शकते याचीही नोंद आवश्यक आहे. फ्लॉरिडात रुग्णांना दलालीवर एका निवासातून दुसऱ्या केंद्रात फिरवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार उघडकीस आले. २०२३ मध्ये ॲरिझोना राज्याने जाहीर केले की ‘सोबर लिव्हिंग’च्या, म्हणजे व्यसनमुक्त निवासाच्या, नावाखाली मूळ निवासी जमातींच्या लोकांना गाड्यांतून आणून, न दिलेल्या उपचारांची बिले शासनाला लावली जात होती, योजना बंद पडल्यावर ही माणसे गावापासून दूर, परक्या शहरात रस्त्यावर आली. दुसरा दोष श्रद्धेच्या अतिरेकाचा आहे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ द्यावी लागतात, आपल्याकडेही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) केंद्रांतून ती दिली जातात. पण गोळी घेणारा माणूस ‘क्लीन’ नाही, असे म्हणून अनेक निवासांनी त्याला दार बंद केले. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध सोडण्याच्या अटीवर दिलेला निवारा हा निवारा नव्हे.

शेजाऱ्यांचा विरोध सर्व देशांत सारखाच असतो, फरक पडतो तो कायद्याने. अमेरिकेत १९८८ च्या दुरुस्तीनंतर घरांसंबंधीच्या भेदभावविरोधी कायद्यात अपंगत्वाचा समावेश झाला आणि व्यसनातून सावरणारी, सध्या बेकायदा अमली पदार्थ न घेणारी माणसे त्याच्या संरक्षणाखाली आली. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने एका घरात नाते नसलेल्या पाचांहून अधिक व्यक्तींना राहण्यास मनाई करणाऱ्या नियमावर बोट ठेवून ऑक्सफर्ड हाउसला हरकत घेतली, तेव्हा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा नियम त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही असा निर्णय दिला. भारतात खाजगी घरमालकाला असे बांधणारा कायदा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी सभासदत्व एका समाजापुरते ठेवणेही २००५ मध्ये झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याकडे या क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. त्या कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. कलम १८ शासनाला अर्धमार्गी गृहे आणि आधारयुक्त निवास उपलब्ध करण्यास सांगते. आणि कलम १९ म्हणते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, ज्याचा उल्लेख केवळ अटकेच्या बातम्यांत होतो, कलम ७१ मध्ये उपचारांबरोबर पश्चात सेवा आणि सामाजिक पुनर्वसन यांचा उच्चार आहे. शब्द कायद्यात आहेत, खोल्या मात्र बांधल्या गेलेल्या नाहीत.

महाराष्ट्रात उपचारांची परंपरा चांगली आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनानंतर, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभे केले. या संस्थांनी पाठपुराव्याचे, रुग्णांच्या पत्नींच्या गटांचे आणि बरे झालेल्यांना कामात सामावून घेण्याचे मोठे काम केले आहे. कित्येक रुग्ण बरे झाल्यावर केंद्रातच कार्यकर्ते म्हणून राहतात, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. तिच्यामागे बाहेर त्यांना दुसरी सुरक्षित जागा नसते, हेही कारण असू शकते. स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. व्यसनी पुरुषाची पत्नी त्याला केंद्रात भेटायला येते, व्यसनी स्त्रीला मात्र बहुधा माहेर आणि सासर दोन्ही तुटलेले असते, आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याच्या कलम १७ ने तिला दिलेला सामायिक घरात राहण्याचा हक्क उपयोगात आणण्यासाठी तिला वकील, पैसा आणि तोवर राहण्याची जागा, तिन्ही लागतात.

रहिवाशांनी स्वतः चालवलेले घर ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटण्याचे वास्तविक कारण नाही. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या कामगारांनी गावाच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे वीस-वीस माणसे झोपत, वळकटीची जागा ठरलेली असे, भाडे वाटून निघे, जेवण खानावळवालीकडे होई आणि बेशिस्त वागणाऱ्याची बातमी गावी पोचे. धोबीतलाव आणि माझगाव भागात गोव्याच्या गावागावांनी स्थापलेल्या ‘कुडी’, म्हणजे बोटीवर चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर खलाशांनी अल्प वर्गणीत राहण्याच्या जागा, याच तत्त्वावर चालत आल्या. तिथे ट्रंकेपुरती जागा, एक सामायिक देव्हारा आणि संध्याकाळच्या रोझरीला हजेरी हा नियम. त्या खोल्यांत दारूही होती, त्यामुळे त्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण भाडे, शिस्त आणि परस्परांवरची नजर यांची सांगड घालून परक्या शहरात माणूस उभा करण्याची जी रीत सिल्व्हर स्प्रिंगला नव्याने सापडली, तिचे एक रूप लालबाग-परळला आधीपासून ठाऊक होते.

आजची अडचण मुख्यतः कागदाची आणि भीतीची आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, अनामत रक्कम, पोलीस पडताळणी, सोसायटीचे ना हरकत पत्र, ‘बॅचलर नकोत’ ही पाटी, आणि मागच्या वर्षीचा पत्ता कोणता या रकान्यात केंद्राचे नाव लिहावे की लिहू नये, हा पेच. जो माणूस खरे बोलण्याचे धडे घेऊन नुकताच बाहेर आला आहे, त्याला पहिले खोटे घर मिळवताना बोलावे लागते. यावर प्रस्तुत ग्रंथ सुचवतो तो मार्ग असा की करार व्यक्तीच्या नावे न करता उपचारसंस्थेच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या नावे व्हावा, चार ते आठ जणांच्या लहान सदनिकांपासून सुरुवात करावी, अनामत रकमेसाठी परतफेडीचा फिरता निधी उभारावा, आणि उपचारांच्या पहिल्या आठवड्यातच समुपदेशकाने ‘इथून कुठे जाणार’ हा प्रश्न केसपेपरवर लिहून घ्यावा. ग्रंथाचा दावा मर्यादित आहे. भारतीय परिस्थितीत या घरांचा डीपॉलसारखा कसून अभ्यास व्हायला हवा, आणि तो होईपर्यंत परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लागू पडतात असे म्हणता येणार नाही. समुपदेशक, समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थाचालक आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या हाती इतिहास, कायदा आणि कारभाराच्या खाचाखोचा एकत्र याव्यात, इतकाच त्याचा हेतू आहे.

मात्र या वाचकांच्या यादीत आणखी दोघे असावेत, अशी ग्रंथाची मनापासूनची इच्छा आहे: ज्याची दोन खोल्यांची सदनिका रिकामी आहे तो घरमालक, आणि ज्याच्या सहीवाचून भाडेकरू आत येत नाही तो सोसायटीचा सेक्रेटरी. उद्या एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता करारनाम्याचा मसुदा घेऊन दारात आला आणि राहणारे व्यसनातून बाहेर आलेले आहेत असे त्याने न लपवता सांगितले, तर त्याला दारातूनच परत न पाठवता आत बसवून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, ही त्यांना विनंती आहे.